डोळ्यांनी हात लावा

“डोळ्यांनी हात लावा,” असं कारखानीससर म्हणायचे आणि आम्ही सगळे माना डोलवायचो.

हे वाक्य सावकाश वाचलंत तर कळेल की त्याला काडीचाही अर्थ नाही. पण त्या काळी ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. केवढा विचार! केवढा माणूस! मी तेव्हा तिशीच्या आसपास होते, बोईसरच्या कॉलनीत राहत होते, आणि खळ घातलेली साडी नेसलेली बाई मूर्ख असू शकत नाही अशी माझी पक्की समजूत होती. आज नाती मला विचारतात, “आजी, तू तरुणपणी कशी होतीस?” मी सांगते, “कडक इस्त्रीची होते गं. आत काही नव्हतं.”

बोईसर स्टेशनवरून कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका रिकाम्या गोदामात एक बाल विज्ञान दालन उघडलं होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मुलांनी विज्ञान नुसतं पाठ करू नये, हाताळून बघावं, अशी कारखान्यांतल्या काही हौशी इंजिनियरांची कल्पना होती. माणसं चांगली होती. रविवारची झोप मोडून त्यांनी वस्तू बनवल्या. जाड-बारीक, उंच-बुटकं करून दाखवणारे आरसे. वाळूत नक्षी काढत झुलणारा लोलक. गोदामाच्या दोन टोकांना दोन मोठ्या पत्र्याच्या थाळ्या, एकीत कुजबुजलं की दुसरीत ऐकू येई. आणि मधोमध, जमिनीत सिमेंटने पक्की बसवलेली एक हिरवी सायकल. तिचं पॅडल मारलं की समोरच्या खांबावरचा मोटारीचा बल्ब पेटायचा.

दारावर त्यांनी मोठ्या अक्षरांत पाटी रंगवली : ‘येथील प्रत्येक वस्तूला हात लावून पाहा.’

मग कुणाची बदली झाली, कुणाची पाळी बदलली, आणि दालन सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून शोध सुरू झाला. तेव्हा या भल्या माणसांनी अख्ख्या पंचक्रोशीतून नेमका असा एक मनुष्य शोधून काढला, ज्याला कुणीही कशालाही हात लावलेला खपत नव्हता.

कारखानीससर पालघरच्या एका शाळेतून विज्ञानशिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्या शाळेतली प्रयोगशाळेची कपाटं त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत उघडली गेली ती फक्त वाळवी बघायला, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. प्रयोग सर फळ्यावर काढायचे. रंगीत खडूंनी परीक्षानळी काढायचे, खाली ज्योत काढायचे, वर धूर काढायचे. चित्र इतकं देखणं असे की पुढे कॉलेजात खरी परीक्षानळी हातात आल्यावर मुलांचा विरस होई. या गोष्टीचा सरांना अभिमान होता. “माझ्या हाताखाली एकही काच फुटली नाही,” असं ते छाती पुढे काढून सांगत. फुटणार कशी? खडूची काच फुटते कुठे?

दालनात आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते पाटीचं. मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली : ‘संचालकांच्या परवानगीने.’ परवानगी देण्याचा प्रसंग मात्र त्यांच्यावर कधी आला नाही.

माणूस बुटका, गोरा, टकलू. पांढरा बुशशर्ट, खांद्यावर पिवळं फडकं, आणि पँटच्या उजव्या खिशात किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की चालताना ते एका बाजूला कलत. आधी जुडगा ऐकू यायचा, मग सर दिसायचे. मुलं दारातून आत शिरली की त्यांची ललकारी :

“हात मागे, मन पुढे!”

की सगळ्या मुलांचे हात पाठीमागे. रांग धरून, हाताला हात बांधून, जसे काही चोर पकडून आणलेत, असा आमचा लहान मुलांचा जथा त्या आरशांसमोरून सरके. आम्ही आईबाप मागे उभे. आणि काय सांगू, आम्हाला ते आवडायचं! “काय शिस्त आहे!” असं आम्ही एकमेकींना म्हणायचो. खरं कारण निराळं होतं. मुलं जशी जायची तशीच परत यायची. फ्रॉकला डाग नाही, गुडघ्याला खरचटलेलं नाही. विज्ञानाचं विज्ञान आणि धुणं कमी. रविवारी दुपारी बोईसरमध्ये दुसरं करण्यासारखं तरी काय होतं? एक तर नवापूरच्या किनाऱ्यावर जाऊन अंगभर वाळू घेऊन यायची, नाहीतर इथे येऊन चकचकीत परत जायचं.

आमचे हे रंगाच्या कारखान्यात होते. हिरव्या रंगाच्या खात्यात असले की त्यांची नखं हिरवी, लाल खात्यात असले की लाल. ते पहिल्याच खेपेला म्हणाले, “हे दालन आहे का देवघर? नुसतं दर्शन घ्यायचं आणि निघायचं. तीर्थ-प्रसाद तरी ठेवा म्हणावं.”

“तुम्हाला नाही कळायचं,” मी म्हटलं. “मुलांची वृत्ती घडते.”

वृत्ती! हा शब्द मी तेव्हा दिवसातून कितीदा वापरत होते देव जाणे.

बरं, नुसतं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण मला हातभार लावायचा होता. बोईसर-तारापूरची हवा तुम्हाला ठाऊक नसेल. एका बाजूने समुद्राचा खारा वारा आणि दुसऱ्या बाजूने कारखान्यांचा वास. पितळेचा तांब्या घासून ठेवला तर संध्याकाळी पुन्हा काळवंडलेला. दालनातल्या वस्तूंवर ही हवा बसते म्हणून सर फार कष्टी असायचे. मी लगेच पुढे झाले. “सर, मी कव्हरं विणून देते.”

मग मी क्रोशाची सुई घेऊन बसले. लोलकाला गुलाबी झालर. आरशांना पडदे. कुजबुजणाऱ्या थाळ्यांना तर मी अशी सुरेख झाकणं विणली, मधोमध कमळ, कडेने शंख, की ती काढायला सरांचं मन होईना. झाकणांसकटच ते प्रयोग दाखवू लागले. एका टोकाला सर झाकणात तोंड घालून कुजबुजत, दुसऱ्या टोकाला कुणाला काहीएक ऐकू येत नसे, आणि सर विचारत, “आलं ऐकू?” मुलं एका सुरात म्हणत, “हो सर!” शाबासकी मिळे. माझ्या विणकामानं ध्वनिशास्त्राचा गळा दाबला होता, आणि मी मागे उभी राहून कमळाच्या पाकळ्या मोजत होते.

एका वस्तूला मात्र त्यांनी कव्हर घालू दिलं नाही. सायकलला.

दालनाची फेरी संपली की शेवटी सर सायकलपाशी येत. फडकं खांद्यावरून काढून घडी करत. सीट पुसत. मग इकडेतिकडे बघून हळूच टांग टाकत. पॅडल फिरू लागे, आधी डायनॅमोची घरघर, मग बल्बच्या पोटात एक लालसर किडा वळवळे, मग पिवळा उजेड. तो उजेड सरांच्या टकलावर पडे. त्या वेळी त्यांचं तोंड बघायचं! जीभ दातांखाली धरलेली, डोळे बल्बवर, पाय गरागरा. आम्ही टाळ्या वाजवत असू ते त्यांच्या कानावरही जात नसावं. त्या सगळ्या दालनात खेळणारं मूल एकच होतं, आणि त्याला टक्कल होतं.

मग ते उतरत. कपाळ पुसत. पॅडल पुसत. आणि म्हणत, “यांत्रिक ऊर्जेचं विद्युत ऊर्जेत रूपांतर. समजलं? चला, घरी.”

माझी मुलगी वंदू तेव्हा पहिली-दुसरीत होती. तिला आरसे नको होते, लोलक नको होता. तिला त्या सायकलचं पॅडल मारायचं होतं. एवढंच. दर रविवारी निघताना ती विचारी, “आज देतील?” एकदा मी तिला घरी उभं करून वाक्य पाठ करून घेतलं. पुढच्या रविवारी ती रांगेतून बाहेर आली, हात मागेच, आणि म्हणाली, “सर, मी एकदा पॅडल मारू का? मी हात धुऊन आलेय.”

सर खाली वाकले. अगदी प्रेमाने म्हणाले, “मोठी झालीस की हं.”

“किती मोठी?”

“पाय पुरले पाहिजेत.”

पुढच्या वर्षी पाय पुरले. तेव्हा सर म्हणाले, समज यायला हवी. समज आल्यावर म्हणाले, चौथीत आधी ऊर्जेचा धडा होऊ दे. मी वंदूला म्हणायची, “बघ, सर किती विचार करतात तुझा.” धन्य ती आई.

आता चांगुणाचं सांगते. चांगुणा नवापूरची. रोज सकाळी टोपली घेऊन कॉलनीत मासळी विकायला यायची. आवाज असा की पहिल्या इमारतीपाशी “बोंबील घ्या” म्हटलं की शेवटच्या इमारतीत मांजरं जागी व्हायची. मी दालनाचं कौतुक तिच्यापुढे फार करत असे, त्यात थोडा भाव खाण्याचाही भाग होता. तिने ते मनावर घेतलं. एका रविवारी मासळी विकून झाल्यावर सून, जाऊ, आणि झुलपं उडवत पळणारी चार-सहा पोरं घेऊन ती थेट दालनात आली. रिकाम्या टोपल्या दाराशी ठेवल्या.

“बाय, काय लिवलंय गं पाटीवर?” तिने मला विचारलं.

मी मोठ्या तोऱ्यात वरची ओळ वाचली. खालची वाचायला चष्मा नव्हता.

“हात लावून बगा?” चांगुणा म्हणाली. “मंग बगा रं पोरांनो!”

पुढे काय झालं ते सरांच्या डोळ्यांसमोर घडलं. पोरं आरशांना चिकटली. एकीने लोलक असा ढकलला की वाळू छताला गेली. चांगुणाच्या सुनेनं माझं कमळाचं झाकण काढून थाळीत हाक मारली, आणि पलीकडच्या टोकाला चांगुणाची जाऊ दचकून ओरडली, “आय गं! हिचा आवाज हितं कसा आला?” तो प्रयोग दालनात पहिल्यांदाच यशस्वी झाला असावा.

“हात मागे!” सर एकदाचे ओरडले. “हात मागे, मन पुढे!”

“हात मागं कसं करू मास्तर?” चांगुणा म्हणाली. ती तोवर सायकलवर चढली होती. काष्टा घातलेल्या बाईला टांग टाकायला काय लागतं? “हात मागं केलं तर पडन की मी.”

आणि तिने पॅडल मारलं. आयुष्यभर होडीतून टोपल्या ओढलेल्या बाईचे पाय ते. बल्ब लख्खकन पेटला.

“ऐ बया, पेटला! बगा गं, आमी पेटवला!”

सून आणि जाऊ हसत होत्या, पोरं नाचत होती. वंदू माझ्या शेजारी उभी होती. हात मागे. नुसती चांगुणाच्या पायांकडे बघत राहिली.

त्यांना बाहेर काढता काढता सरांचा घसा बसला. चांगुणा जाताना म्हणाली, “पाटी पुसून टाका मास्तर. लोकान्ला फसवू नका.” दुसरी कुणी शहाणी बाई असती तर तिथे हसली असती. मी काय केलं? पदर खोचला, बादली आणली, आणि सरांबरोबर ते दालन फिनेलने धुतलं. नाकाला रुमाल लावून मी म्हणत होते, “काय मेला वास!” त्याच चांगुणाचे बोंबील सकाळी दोनदा वाढून घेतले होते मी.

घरी आल्यावर वंदूनं एवढंच विचारलं, “आई, चांगुणामावशीचा ऊर्जेचा धडा झालाय?”

मी तिला गप्प बसवलं.

दुसऱ्या रविवारी सायकलच्या मागच्या चाकाला साखळी आणि कुलूप होतं. जमिनीत सिमेंटने रोवलेल्या सायकलला. “सायकल म्हटली की कुलूप आलंच,” असं सरांनी आम्हाला सांगितलं आणि आम्हाला ते पटलं. आमच्यात दोन-तीन इंजिनियर होते, हे मुद्दाम सांगते.

सरांचं घर दालनाच्या मागेच होतं. एकदा मी तिथे हळदीकुंकवाला गेले होते. सोफ्यावर प्लॅस्टिक. रेडिओवर मखमल. मनगटी घड्याळ डबीत, कारण ते नवं होतं, म्हणजे लग्नातलं. पंख्याच्या पात्यांना दुकानातला कागद तसाच, पंखा फिरला की घरभर फडफड. कारखानीसकाकू चहा घेऊन आल्या. साधी, हसरी बाई. मी आजूबाजूला बघतेय हे त्यांनी हेरलं.

“बघताय काय राऊतवहिनी,” त्या म्हणाल्या. “या घरात बिनझाकणाची मीच तेवढी.”

मी ते ऐकून शहाण्यासारखी हसले, आणि घरी येऊन आमच्या रेडिओला कव्हर विणलं.

अशी काही वर्षं गेली. वंदू सातवीत आली. वास्तविक तिने तोवर खऱ्या सायकलवर कॉलनीचे रस्ते पालथे घातले होते, बेटेगावच्या फाटकापर्यंत जाऊन येत होती. पण दालनातली ती हिरवी सायकल तिच्या डोक्यातून गेली नव्हती. रविवारी ती अजून यायची. तिच्या वयाच्या मुली येईनाशा झाल्या होत्या. ही यायची, रांगेत सगळ्यात उंच, हात मागे.

आणि मग मुंबईहून कुणी मोठे साहेब दालन बघायला येणार असं ठरलं. विज्ञान मुलांपर्यंत नेणाऱ्या कसल्याशा समितीवर होते. त्यांना आवडलं तर असंच दालन पालघरलाही निघणार आणि दोन्हींचे संचालक कारखानीससर होणार, अशी बोलवा होती. सरांना झोप येईना. फडकी नवी आली. लोलकातली वाळू चाळली गेली. मी कव्हरं धुऊन खळ घालून दिली. ती इतकी कडक झाली की आरशांवर पडद्याऐवजी पाट ठेवल्यासारखे दिसत.

तो दिवस उजाडला. सरांनी लग्नातला कोट काढला, नवी पँट घातली. साहेब आले. उंच, सावळे, साधा सदरा. मुलं रांगेत. सर एकेक वस्तू दाखवत निघाले. आरशांपाशी साहेब थांबले आणि मुलांना म्हणाले, “या ना जवळ. लावा हात.”

एकही मूल हललं नाही.

साहेबांना वाटलं लाजताहेत. “अरे घाबरू नका. हात लावा!”

मुलांनी पाठीमागचे हात आणखी घट्ट धरले. एका चिमुरडीने तर डोळे मोठ्ठे केले, बिचारी डोळ्यांनी हात लावत असावी. इतक्या वर्षांची शिकवण फळाला आली होती, आणि तिचं फळ साहेबांच्या समोर रांगेत उभं होतं. सरांच्या कपाळावर घाम आला.

साहेब सायकलपाशी आले. रांगेत सगळ्यात उंच वंदू. “हे काय आहे, सांगशील?”

वंदूनं घडाघडा सांगितलं. यांत्रिक ऊर्जा, डायनॅमो, चुंबक, तार, रूपांतर. माझी मान ताठ.

“वा! पॅडल मारल्यावर पायाला कसं लागतं? जड? हलकं?”

वंदूनं पॅडलकडे पाहिलं.

“मारलंयस ना?”

“नाही,” वंदू म्हणाली. “सर मारतात. आम्ही टाळ्या वाजवतो.”

साहेबांनी सरांकडे पाहिलं, मग साखळीकडे, मग कुलपाकडे, मग खाली सिमेंटकडे. “ही चोरीला कशी जाईल?” त्यांनी खरोखरच कुतूहलाने विचारलं.

“ते… खबरदारी,” सर म्हणाले.

“उघडा. हिला मारू द्या.”

सरांनी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. कोटाचे खिसे चाचपले. किल्ल्या नव्हत्या. नवी पँट घालताना जुडगा जुन्या पँटमध्ये राहिला होता. वंदू माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात काय होतं ते मी सांगत नाही. पुन्हा एकदा ‘मोठी झालीस की’ ऐकायची तयारी होती ती.

निरोप गेला. थोड्या वेळाने मागच्या दाराने काकू आल्या. हातात जुनी पँट, साबणाच्या पाण्याने निथळणारी. धुवायला टाकली होती. दोन्ही पाय धरून, जत्रेतला ध्वज आणावा तशी समोर धरून त्या दालनाच्या मधोमध उभ्या राहिल्या. फरशीवर तळं साचलं.

“किल्ल्या आणायच्या होत्या गं, पँट कशाला?” सर कुजबुजले. पण निथळणाऱ्या पँटपासून मागे सरकता सरकता ते नेमके थाळीपाशी पोचले होते, तिचं कव्हर उडालेलं होतं, आणि ती कुजबुज शेवटच्या भिंतीपर्यंत सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेली.

“खिशात हात घालायचा नाही असं तुम्हीच सांगितलंय,” काकू मोठ्यानं म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून.”

साहेब भिंतीकडे तोंड करून खोकू लागले. आमचे हे मागे उभे होते, ते तर बाहेरच गेले. सर ती पँट घ्यायला पुढे होईनात, कोट भिजला असता. काकू नियमाच्या पक्क्या. असा तो देखावा किती वेळ चालला असता कुणास ठाऊक.

वंदू रांगेतून निघाली. हात पुढे. तिनं सरळ त्या ओल्या खिशात हात घातला, जुडगा काढला, एकेक किल्ली लावत कुलूप उघडलं, आणि सायकलवर चढली.

काय मारलं तिनं पॅडल! तेवढ्या वर्षांचे सगळे रविवार तिच्या पायात होते. बल्ब लाल झाला, पिवळा झाला, पांढरा झाला. आरशांमधून उजेड गोदामभर नाचायला लागला. मुलं विसरली. हात सुटले. कुणी ओरडलं, “जोरात, वंदूताई!” आणि ती आणखी जोरात मारायला लागली. बल्ब निळसर दिसला, आणि फट्.

अंधार नाही झाला, दुपार होती. पण झाल्यासारखा वाटला. बल्ब आतून काळा पडला होता.

कारखानीससर हळूहळू पुढे आले. त्यांनी बल्बकडे पाहिलं. आणि मी देवाशपथ सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. आनंद होता. आयुष्यभर वाट पाहिलेला पुरावा अखेर हाती आला होता.

“बघितलंत?” ते साहेबांना म्हणाले. “म्हणून मी सांगतो. हात लावू नका.”

“बल्ब बदला,” साहेब म्हणाले, “आणि सगळ्यांना मारू द्या.” चहा न घेता गेले. पालघरचं दालन झालं, ते दुसऱ्याच कुणाच्या हाती.

सरांनी बल्ब बदलला नाही. जळका बल्ब काढून काचेच्या पेटीत ठेवला, खाली माझी क्रोशाची चकती, पुढे सुवाच्य अक्षरांत पाटी : ‘बेजबाबदार हाताळणीचा परिणाम. कु. वंदना राऊत.’ लाजेनं मला कॉलनीत तोंड दाखवता येईना. वंदू मात्र शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन जाऊन ती पेटी दाखवायची. अख्ख्या दालनात नाव लागलेली ती एकटीच होती. चांगुणाला कळलं तेव्हा ती म्हणाली, “माजं नाव नाय लिवलं? पैला मी पेटवला!”

हळूहळू लोक येईनासे झाले. न फिरणाऱ्या गोष्टींना ती खारी हवा बसली. डायनॅमो गंजला, साखळी गंजली, लोलकाची कडी गंजली. हात लागले असते तर तेल तरी लागलं असतं. माझी कव्हरं तेवढी शाबूत राहिली.

तुम्हाला वाटेल, वंदू शास्त्रज्ञ झाली असेल. मुळीच नाही. ती वैतरणा स्टेशनजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते, आणि बल्ब बदलायला नवऱ्याला हाक मारते.

नव्वदच्या दशकात कधीतरी ती माहेरी आली होती. गोदाम रिकामं करणार असं ऐकलं, म्हणून आम्ही दोघी गेलो. काकू अंगणात पापड वाळत घालत होत्या. “जा, आतच आहेत,” म्हणाल्या. “मोतीबिंदू झालाय. डोळ्यांना हात लावू देत नाहीत डॉक्टरला.”

सर आत होते. बुशशर्ट, खांद्यावर फडकं. ते एकेका वस्तूवरून हात फिरवत फिरवत चालले होते, भिंत चाचपत जावं तसे. थाळीपाशी आले, माझं झाकण बोटांनी चाचपलं.

“कोण? राऊतवहिनी?” आवाजावरून ओळखलं. “हे तुम्ही विणलेलं ना? टाका सैल आहे.”

इतकी वर्षं सुरेख सुरेख म्हणत होता मेला!

“सर, मी वंदना,” वंदू म्हणाली.

ते थांबले. मग काचेची पेटी चाचपत उघडली, बल्ब काढला, कानाशी नेऊन हलवला. आत तुटलेली तार किणकिणली. पुन्हा हलवला. जीभ दातांखाली.

“हात पुढे कर,” ते म्हणाले.

वंदूनं ओंजळ केली. त्यांनी बल्ब तीत ठेवला. तिनंही तो कानाशी नेला, हलवला, आणि बारा वर्षांच्या पोरीसारखी खुदकन हसली. सर मान कलती करून ऐकत राहिले. मग लगेच हात लांब करून त्यांनी तो परत मागून घेतला, आणि फडक्यानं पुसू लागले. खसाखसा, कडेकडेनं, तिच्या बोटांचा ठसा कुठे राहायला नको म्हणून. आम्ही दाराशी पोचलो तरी त्यांचं पुसणं चालूच होतं.

बाहेर आल्यावर वंदू माझ्याकडे बघून हसायला लागली.

“काय झालं?” मी विचारलं.

“आई,” ती म्हणाली, “सोड आता हात.”

मी पाहिलं. माझे दोन्ही हात पाठीमागे होते. घट्ट.